यादीबाहेरचे पाय

१

जोडेवालीने त्या मंगळवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा कुलूप जागच्या जागी होतं, कडी शाबूत होती, गल्ल्याला कुणी हात लावला नव्हता. फक्त मागच्या भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या होत्या. त्रेचाळीस जोड फर्मे, म्हणजे शहाऐंशी लाकडी पावलं, नाहीशी झाली होती.

फर्मा म्हणजे काय ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. माणसाच्या पायाबरहुकूम कोरलेलं लाकडाचं पाऊल. त्यावर चामडं ओढून जोडा बेततात. बाजारात आठ नंबर, नऊ नंबर असे तयार मिळतात, पण हे तसले नव्हते. जोडेवालीकडे येणारी माणसं कुठल्याच नंबरात न बसणारी. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाचं निम्मं पाऊल यंत्रात गेलेलं. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, एकेकाचा फर्मा स्वतः कोरला होता. पाय बदलला की त्यावर चामड्याचा तुकडा चिकटवायचा, नाहीतर कानस मारायची, असं करत वर्षानुवर्षं तो पायाबरोबर ठेवला होता. आता अण्णा नव्हते. ती मापं फक्त त्या लाकडात होती.

मी कोर्टातल्या मुद्देमालाच्या खोलीची कारकून. चोरीचा माल सापडला की खटला संपेपर्यंत तो माझ्या ताब्यात. सायकली, समया, घड्याळं, एकदा तर सगळ्यांना शिव्या देणारा पोपट. तीस वर्षं मी लोकांना एकच वाक्य ऐकवत आले, "यादीत असेल ते मिळेल, यादीत नाही ते आमच्याकडे नाही." इतक्यांदा म्हटलं की त्यातली धार मला कधी टोचलीच नाही.

चोरीनंतर पाच महिन्यांनी एका भंगारवाल्याच्या वखारीत पोत्यात बावीस फर्मे सापडले. पोतं माझ्या खोलीत आलं. किंमत ठरवायला कोर्टाने शोरूमवाल्यांना बोलावलं. बाजारपेठेतलं सगळ्यात मोठं जोड्यांचं दुकान त्यांचं. शिवाय तरुणपणी चार वर्षं अण्णांच्याच दुकानात कामाला होते, म्हणजे जाणकार तरी कोण असणार दुसरं.

अत्तराचा घमघमाट घेऊन आले. मी पोतं टेबलावर उपडं केलं. त्यांनी एकेक फर्मा उचलला, उलटा केला, टाचेवरून अंगठा फिरवला, खाली ठेवला.

"काय बघताय?" मी विचारलं.

"कीड, बाई. जुनं लाकूड आतून पोखरलेलं असतं."

गप्पा मारता मारता त्यांचे हात चालूच होते. चहा येईपर्यंत टेबलावर अकरा जोड ओळीने लागले होते आणि कागदावर लिहून झालं होतं, 'वापरलेले लाकडी ठोकळे, वजनावर भाव'. मी जोड सुतळीने बांधले, एक ते अकरा चिठ्ठ्या लावल्या. निम्मं काम आयतं झालं म्हणून मी खूश होते.

२

भंगारवाल्याने गुन्हा कबूल केला आणि खटला अर्ध्या तासात आटोपला. चोरीचा नाही, चोरीचा माल बाळगल्याचा. त्याला दंड झाला. अकरा जोड जोडेवालीला परत करायचे, असा हुकूम झाला.

जोडेवाली उभी राहिली. पंचेचाळिशीची, आखूड केसांची, हाताच्या बोटांना खळीचे पापुद्रे. "साहेब, आणि बाकीचे बत्तीस?"

न्यायाधीश माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून समजावून सांगितलं. "या माणसावर आरोप अकरा जोडांचा आहे. तेवढेच याच्याकडे सापडले. बाकीचे याने नेले, हे सिद्ध झालेलं नाही. दुसऱ्याच्या चोरीची भरपाई मी याच्या खिशातून काढू शकत नाही. आणि मुळात त्रेचाळीस होते याला पुरावा काय? तुमच्याकडे नोंदवही नाही."

"खुणा आहेत ना. टाचेवर खिळ्यांच्या खुणा आहेत."

शोरूमवाले शपथेवर बोलले होते की ते खिळे चामडं ठोकताना राहून गेलेले आहेत, त्यांना काही अर्थ नाही. साहेबांनी ते वाचून दाखवलं.

"बरं, किमतीचं काय?" ती म्हणाली. "वजनावर भाव? सरपण आहे का ते?"

"कायद्याने किंमत वस्तूची धरतात. वडिलांच्या आठवणींची किंमत मला लावता येत नाही."

"आठवणी नाहीत साहेब. मापं आहेत ती. माणसं चालतात त्यांवर."

साहेबांनी चष्मा परत घातला. मग त्यांनी पुढचा खटला पुकारायला सांगितला. खरं सांगायचं तर त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. त्या भंगारवाल्याने जे नेलं नाही त्याचे पैसे त्याने का भरावेत? मला राग आला तो याचाच, की सगळं बरोबर असूनही त्या बाईचं वाटोळं होत होतं.

दुपारी ती माझ्या खोलीत आली. मी सवयीने छापील पावती पुढे सरकवली. 'माल पूर्ण मिळाला. माझी काही तक्रार नाही.' खाली सहीची रेघ.

तिने ती दोनदा वाचली. "ही सही केली की?"

"की प्रकरण बंद. बाकीच्याबद्दल परत कुणी विचारणार नाही."

"आणि नाही केली तर?"

"शुक्रवारी साडेपाचपर्यंत मुदत आहे. त्यानंतर हे अकरा बेवारस. लिलावात जातात, कुणी घेतले नाहीत तर भट्टीत."

तिने पेन उचललं आणि माझ्या पेनांच्या डब्यात नीट परत ठेवलं. "मग आज सोमवार आहे. अजून चार दिवस आहेत."

तीस वर्षांत माझ्या टेबलावर पेन असं परत ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं. मी उठून दार लोटलं. "बस. मला त्या खुणा समजावून सांग."

३

तिने जोड क्रमांक एक सोडला आणि दोन्ही टाचा माझ्यासमोर धरल्या. टाचेवर आठ बारीक भोकांचं वर्तुळ. काही भोकांत पितळी खिळा, काही रिकामी.

"आता टाचेला टाच लावून बघा. डाव्यात जिथे खिळा, उजव्यात तिथे मोकळं. दोन्ही मिळून आठ भरतात. म्हणजे जोड लागला. आणि कुठल्या भोकांत खिळे, त्यावरून गिऱ्हाईक. अण्णांनी मला आणि दादाला पाढ्यांसारखं पाठ करायला लावलं होतं."

"सरळ नाव लिहायचं सोडून हा उपद्व्याप कशाला?"

"कुणाचा पाय कसा आहे ते चारचौघांना का कळावं? माणूस जोड्यात पाय लपवतो, बाई. अण्णा म्हणायचे, तो आपल्यासमोर उघडा करतो हेच खूप झालं. शोरूमवाल्यालासुद्धा त्यांनी खुणा सांगितल्या नाहीत. तो गिऱ्हाइकांच्या पायांवरून बाहेर विनोद करायचा. शेवटी त्याच पायी काढून टाकलं."

मग ती एकेक जोड वाचायला लागली. अंगठा टाचेवर, डोळे मिटलेले. "हे शिंपीकाका, वारले. ही दाईमावशी, वारली. हा बँडवाला, तोही वारला. हे मास्तर, वारले."

अकराव्या जोडाला ती थांबली. चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"हे सगळे गेलेले आहेत. अकराच्या अकरा. जी माणसं आता जोडे घालायची नाहीत, तेवढेच परत आले. जिवंत पाय एकही नाही."

मी गणितात कच्ची, पण हे कळायला गणित लागत नाही. हाताला लागले ते अकरा पोत्यात भरले असते, तर त्यांत चार-दोन तरी जिवंत निघाले असते. कुणीतरी त्रेचाळीस जोड समोर मांडून मेलेले आणि जिवंत वेगळे केले होते.

"खुणा वाचता येणारी माणसं किती?" मी विचारलं.

"तीन. अण्णा गेले. एक मी."

"आणि तिसरा?"

तिने फर्मा टेबलावर ठेवला. "दादा. सहा वर्षं आम्ही बोललेलो नाही."

४

दादा बस डेपोत गाड्या दुरुस्त करायचा. आम्ही गेलो तेव्हा तो एका बसखाली होता, फक्त बूट दिसत होते. ते बूट पाहून जोडेवाली हळूच म्हणाली, "अण्णांनी केलेले आहेत. अजून वापरतोय."

तो बाहेर आला, बहिणीला पाहिलं आणि ग्रीसने माखलेले हात पुसत बसला. बराच वेळ पुसले.

"काय काम काढलंस?"

मी मध्ये पडले. कोण, कुठली, ते सांगितलं आणि सरळ विचारलं, "दुकान विकायचं म्हणून तुम्ही भांडलात ना?"

"भांडलो. मग? जागेला चांगला भाव येत होता. ती म्हणाली, पाय कुठे ठेवू लोकांचे? मी म्हटलं, तुझ्या डोक्यावर ठेव. तेव्हापासून बोलणं बंद."

"किल्ली आहे तुमच्याकडे?"

"किल्ली कुणाकडेच नसते. दारावर पाटी म्हणून लाकडी बूट टांगलाय ना, त्याच्या पोटात असते. अण्णांच्या वेळेपासून. तिथे काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे."

"खुणा वाचता येतात?"

"झोपेतून उठवलं तरी येतात." त्याच्या लक्षात आलं मी कुठे चालले आहे ते. त्याने फडकं फेकलं आणि बहिणीकडे वळला. "मी नेले असं वाटतं तुला?"

जिवंत आणि मेलेले वेगळे केल्याचं मीच सांगितलं.

"मेलेल्यांचे भंगारात?" तो उठून उभाच राहिला. "अगं, मास्तरांचा फर्मा कोरताना अण्णांचा अंगठा कापला होता. रक्ताचा डाग आहे त्यावर. मी चोरले असते तर एक वेळ जिवंत पायांचे टाकले असते, माणूस परत माप द्यायला येतो. मेलेला येतो का?"

आम्ही डेपोतून परत निघालो. हा काही पुरावा नव्हे हे मला कळत होतं. पण माझ्या टेबलासमोर तीस वर्षांत खोटं बोलणारे शेकड्यांनी बसून गेलेत, आणि खोटं बोलणारा माणूस एवढा वेळ हात पुसत नाही, तो लगेच बोलायला लागतो.

भंगारवाल्याची वखार वाटेवरच होती. दंड भरून तो मोकळा झाला होता आणि आम्हाला पाहून अजिबात शरमला नाही.

"सकाळी दारात पोतं होतं. कुणी ठेवलं ते विचारलं नाही. न विचारणं हाच माझा धंदा आहे, बाई."

"पण पोत्यात जोड लावून ठेवले होते, एवढं तरी बरं," जोडेवाली म्हणाली.

"जोड?" तो हसला. "कांदे भरावेत तसे भरले होते. मी दोन तास बसलो डावा-उजवा लावत. एक जोड लागेल तर शपथ. एक लांब, एक थोटा. शेवटी नाद सोडला."

तो बोलला आणि माझ्या डोक्यात काहीतरी खुटखुटलं. पण काय, ते त्या दिवशी हाती लागलं नाही.

५

बुधवारी आम्ही जिवंत पायांच्या घरी जायला लागलो. बहुतेकांनी पायात जुनेच जोडे ठिगळ लावून ठेवले होते. सातजणांच्या पायांत मात्र नवे कोरे जोडे होते. सगळे शोरूमचे.

"तीन महिन्यांपूर्वी त्यांनी खास विभाग काढला," त्या सातजणांतल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या थोरल्या बहीण, त्यामुळे बोलायला आडपडदा नव्हता. "यंत्रावर पाय ठेवायचा. निळा उजेड पडतो. मिनिटात माप. किंमत मात्र अशी की पायाऐवजी डोळ्यांतून पाणी येतं."

"बसतात नीट?" जोडेवालीने विचारलं. नजर त्या कोऱ्या जोड्यांवरच होती. गिऱ्हाईक गेलं याचं दुःख काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

"अगं, तीच तर गंमत. उजवा झकास. तुझ्या वडिलांच्या हातचाच वाटतो. डावा मात्र करंगळीपाशी ढिला. फुगा आहे नुसता. मी आत कापूस कोंबते."

जोडेवाली जमिनीवर बसली आणि तिने त्यांचा डावा जोडा काढून हातात घेतला. करंगळीच्या बाजूला चामड्याला एक गोल फुगवटा होता, सुपारीएवढा. तिने बोट आत घालून तो चाचपला. मग त्यांचं पाऊल हातात घेतलं. करंगळीच्या बाजूला फक्त एक पांढरा व्रण होता.

"तुमचं हाड कधी काढलं?"

"विसरलीस? गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. तुला सांगायला आले होते की. तू म्हणालीस, सूज उतरू दे, मग फर्म्यावरचा तुकडा तासून टाकते."

"आणि तासायच्या आधी चोरी झाली." ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत आता दुःख नव्हतं, आग होती. "बाई, यंत्राने आजचा पाय मोजला असता तर हा फुगवटा आला असता का? जे हाड कापून टाकलं त्याला यांनी जागा ठेवलीय. हा जोडा यांच्या पायावर बेतलेलाच नाही. माझ्या फर्म्यावर बेतलाय."

ग्रंथपालबाईंनी दुसरा जोडाही काढून आमच्या हातात दिला. "घेऊन जा दोन्ही. मी चपलेवर जाते."

६

मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या फौजदाराने जोडा उलटा-सुलटा केला आणि परत दिला. "एक ढिला बूट. यावर मी बाजारपेठेतल्या एवढ्या मोठ्या माणसाच्या कारखान्यात घुसू? उद्या तो म्हणेल, शिवताना चूक झाली. आणि बाई, मुद्देमाल सांभाळायचा सोडून हे काय लावलंय?"

तो म्हणाला ते खरंच होतं. शोरूमवाल्यांना खुणा येत नव्हत्या, असं अण्णांनी सांगितलेलं, जोडेवालीला वाटत आलेलं, आणि त्यांनी स्वतः शपथेवर म्हटलेलं. खुणा येत नसतील तर जिवंत-मेलेले वेगळे करणारा दादाच.

गुरुवारी संध्याकाळी, कचेरी सुटायच्या वेळेला, मी ते अकरा जोड परत पेटीत भरत होते. जोड चारची सुतळी सैल झाली होती. गाठ मारायला घेतली आणि हात तिथेच थांबला. डावा फर्मा बोटं आत वळलेला, बुटका. उजवा सरळ, दोन बोटं लांब. हे दोन एकमेकांचे आहेत असं कुणीही सांगू शकलं नसतं. भंगारवाला दोन तास बसला होता आणि त्याला एकही जोड लागला नव्हता.

मग माझ्या टेबलावर चहा येईपर्यंत अकराच्या अकरा जोड कसे लागले?

कीड बघतोय म्हणे. उलटा करायचा, टाचेवरून अंगठा फिरवायचा. जोडेवालीने डोळे मिटून अगदी तसंच केलं होतं, माझ्यासमोर, त्याच टेबलावर. सुतळी बांधणारी मी. 'निम्मं काम आयतं झालं' म्हणणारी मी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मी जोडेवालीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अण्णांच्या दुकानात फर्मा सुटा ठेवलेला चालायचा नाही. हातातून खाली ठेवायचा तो जोड लावूनच. चार वर्षांत हाताला सवय लागली असणार त्याच्या. डोक्याने खोटं बोलला, हात खरं बोलले."

"उद्या साडेपाचला मुदत संपते," मी म्हटलं.

"उद्या मी सही करायला येते, असं कळवा साहेबांना. आणि किंमत ठरवणाऱ्यालाही हजर राहायला सांगा. त्याची सही लागतेच ना?"

७

शुक्रवारी चार वाजता कोर्टात मोजकी माणसं होती. साहेब, शोरूमवाले, मी. मागच्या बाकावर जोडेवाली, तिच्या शेजारी ग्रंथपालबाई, आणि दोन हात अंतर सोडून दादा. त्याला तिने बोलावलं होतं की तो आपणहून आला ते मी विचारलं नाही.

"सही करताय ना?" साहेबांनी विचारलं.

"माल ओळखून घेते आधी. तेवढा हक्क आहे मला."

मी पेटी आणली आणि टेबलावर रिकामी केली. बावीस फर्मे, सुतळ्या सोडलेले, गोंधळ करून ठेवलेले. माल ज्या स्थितीत आला त्या स्थितीत दाखवणं हे माझं कामच आहे.

जोडेवाली शोरूमवाल्यांकडे वळली. "काका, माझा गोंधळ होतोय. त्या दिवशी तुम्ही बाईंना पटापट जोड लावून दिलेत म्हणे. आज परत लावून द्या ना."

त्यांचा हात पुढे आला आणि हवेतच थांबला. "मी? मी कुठे लावले?"

"लावलेत," मी म्हटलं. "माझ्या नोंदवहीत आहे. 'माल सुटा आला, तज्ज्ञांनी अकरा जोड लावले.' त्याच दिवसाची तारीख आहे, खाली तुमचीच सही आहे."

ही नोंद मी नेहमीच्या सवयीने केली होती. माझ्या नोकरीत पहिल्यांदाच तिचा कुणाला उपयोग झाला.

"आकारावरून लावले असतील," ते म्हणाले.

जोडेवालीने बुटका डावा आणि लांब उजवा उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवले. "हा जोड चार. आकारावरून?"

"लाकडाच्या रंगावरून मग."

तिने आणखी दोन ठेवले. एक काळपट, एक पांढरट. "हा जोड सात. डावा फर्मा फुटला म्हणून अण्णांनी नव्याने कोरला होता. रंगावरून?"

साहेब पुढे झुकले होते. तिने चारही फर्मे टाचेला टाच लावून त्यांच्यासमोर धरले. दोन्ही वर्तुळांत आठाच्या आठ जागा भरल्या. नंतर तिने ग्रंथपालबाईंचा डावा जोडा ठेवला आणि फुगवट्यावर बोट ठेवलं. ग्रंथपालबाईंनी वय विसरून चप्पल काढली आणि आपला व्रण भर कोर्टात दाखवला. माणूस पाय लपवतो म्हणे. त्यांनी त्या दिवशी लपवला नाही.

"साहेब," जोडेवाली म्हणाली, "खुणांना अर्थ नाही असं हे शपथेवर म्हणाले. अर्थ नसता तर हे अकरा जोड लागलेच नसते. माझे बत्तीस कुठे आहेत ते यांना विचारा."

शोरूमवाले घामाघूम झाले होते, पण बोलले ते भलत्याच सुरात. "चार वर्षं! चार वर्षं तिथे झाडू मारला मी. म्हाताऱ्याने एक खूण सांगितली नाही. चोरासारखा वागवला. कोण गिऱ्हाईक आलं की कुठला फर्मा खाली येतो, ते बघून बघून शिकलो. स्वतःच्या डोळ्यांनी! माझा काहीच हक्क नाही?"

दादा मागून शांतपणे म्हणाला, "चोरासारखा वागवला नसता तर बरं झालं असतं. आता खरंच झालास."

साहेबांनी चष्मा काढला, अकरा जोडांची मुदत वाढवून दिली आणि शिपायाला फौजदाराला बोलवायला पाठवलं. त्या दिवशी पुढचा खटला पुकारला गेला नाही.

८

शोरूमच्या मागच्या कारखान्यात बत्तीस जोड मिळाले. निळ्या उजेडाचं यंत्र नुसता उजेडच पाडायचं. एकोणतीस जोड धडधाकट होते. तीन जोड मात्र त्यांनी बाजारच्या नंबरात बसावेत म्हणून तासून टाकले होते. खिळे उपटलेले, तुकडे सोललेले. हातात घेतले तर कुणाचेही वाटावेत असे गुळगुळीत.

ते ज्यांचे होते त्या तिघांपैकी एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला, एकजण दूर देशी गेलेला. तिसरी एक पंधरा वर्षांची मुलगी. तिचा फर्मा ती पहिलं पाऊल टाकायला शिकली तेव्हापासून वाढवत आणलेला होता.

शोरूमवाल्यांना शिक्षा झाली. आधीचे अकरा आणि हे एकोणतीस जोड परत करायचा हुकूम झाला. उरलेल्या तीन जोडांची किंमत ठरवताना साहेबांपुढे कागदावर एकच भाव होता, शोरूमवाल्यांनी स्वतः लिहिलेला. लाकडाच्या वजनाचा.

"वस्तूची किंमत तेवढीच," साहेब म्हणाले. या वेळी ते खाली बघून म्हणाले. "याहून जास्त माझ्या हातात नाही."

"माहीत आहे, साहेब. तुमच्या हातात नाही," जोडेवाली म्हणाली. "माझ्या हातात आहे तेवढं मी करते."

ती माझ्या खोलीत आली. दादा दारात पेट्या उचलायला उभा होता, दोघं अजून एकमेकांशी जेमतेम बोलत होती, पण एकाच पेटीच्या दोन कड्या धरून. मी पावती पुढे सरकवली. 'माल पूर्ण मिळाला. माझी काही तक्रार नाही.'

या वेळी तिने पेन परत ठेवलं नाही. 'पूर्ण' वर आडवी रेघ मारली. 'काही तक्रार नाही' वर दुसरी. खाली लिहिलं, 'तीन जोड मेले. तक्रार आहे.' आणि सही केली. लाकडाच्या भावाचे पैसे पाकिटासकट माझ्या टेबलावर ठेवले. "हे नको मला. त्यांचं म्हणणं वजन होतं. माझं म्हणणं माप होतं."

छापील पावतीवर खाडाखोड चालत नाही. तसा नियम आहे, माझ्या टेबलामागे चौकटीत लावलेला आहे. अशा पावत्या मी आजवर शेकड्यांनी फाडून टाकल्या आणि माणसांना नवी देऊन परत सही करायला लावली. त्यांतल्या किती जणांना खरं तर काहीतरी खोडायचं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

मी शिक्का उचलला आणि मारला, तिच्या सहीच्या शेजारी, चांगला दाबून.

महिन्याभराने वरून खुलासा मागवला गेला. नोंद क्रमांक अमुक, पावती सदोष का स्वीकारली. मी एका ओळीत उत्तर दिलं, 'पूर्ण नव्हतं म्हणून खोडलं.' आणि त्या संध्याकाळी कचेरी सुटल्यावर दुकानात गेले. ती पंधरा वर्षांची मुलगी स्टुलावर बसली होती, पाय कोऱ्या कागदावर ठेवून. जोडेवाली तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवत होती, आणि दादा लाकूड निवडत होता.